गिगाओम दिसला म्हणून पडदा जमला असं नाही (ग्रॅमिसिडिन सेन्सर: माझा अनुभव)

आयन चॅनेलचा (पडद्यातून आयन जाऊ देणाऱ्या सूक्ष्म वाटेचा) सेन्सर स्वतः जुळवायचा तर सगळी रखडपट्टी लिपिडच्या, म्हणजे मेदाच्या रेणूंच्या दोन थरांच्या, पडद्यापाशी होते. माझ्या सेन्सरमधलं चॅनेल म्हणजे ग्रॅमिसिडिन, एक छोटं पेप्टाइड. बाकीचं पुण्यात सहज मिळतं: कोअ‍ॅक्सियल केबल आणि अ‍ॅल्युमिनियमचा डबा तपकीर गल्लीत, चांदीची तार सोन्या मारुती चौकात. तार ९९९ चीच मागायची. दागिन्यांच्या चांदीत तांबं असतं, मग इलेक्ट्रोडचं शून्य सरकत राहतं. तार घासून अर्धा तास ब्लीचमध्ये, काळपट होईपर्यंत.

आता पडदा. प्लास्टिकच्या कपाला २०० मायक्रॉन व्यासाचं छिद्र, दोन्हीकडे १ मोलर पोटॅशियम क्लोराइड. डायफायटॅनॉइल लिपिड डेकेनमध्ये, मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, बारीक ब्रशने छिद्रावर फिरवायचं. पुढे सूचना ठरलेली: विद्युत रोध गिगाओमवर (अब्ज ओमवर) गेला की चॅनेल सोडा. माझा राग या सूचनेवर आहे. छिद्रात डेकेनचा जाड बोळा बसला तरी रोध गिगाओमच दिसतो! ग्रॅमिसिडिनची जोडी जेमतेम अडीच नॅनोमीटर लांब. बोळ्याच्या आरपार ती पोहोचणार कशी? तुम्ही ओतत राहता, प्रवाहाची रेघ सपाटच.

म्हणून कपॅसिटन्स मोजा, पडदा जितका पातळ तितका तो जास्त. सेकंदाला १ व्होल्ट चढ-उताराचं त्रिकोणी व्होल्टेज द्या. जितके पिकोफॅरड, तितक्याच पिकोअँपिअरची चौकोनी लाट दिसते. चौरस सेंटिमीटरला ०.४ मायक्रोफॅरड धरला तर या छिद्राला साधारण १२५ पिकोफॅरड येतात. कडेची जाड किनार थोडे खाते, ८० च्या पुढे गेलं की पुरे. २०-३० वर अडकलं तर आणखी लिपिड लावायचा मोह टाळा, त्याने बोळा वाढतोच. कोरड्या ब्रशने जास्तीचं टिपा, नाहीतर पिपेटच्या टोकाचा हवेचा बुडबुडा छिद्रावरून ओढा. आकडा चढू लागला की हात बाजूला. तरीही शंका असेल तर एक व्होल्टचा झटका द्या: खरा पडदा फुटतो, बोळा ढिम्म.

पावसाळ्यात फ्रीझरमधली लिपिडची बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आत दव धरतं. आणि लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये असेल तर प्लास्टिकची टिप नको, काचेची सिरिंज.

ग्रॅमिसिडिन इथेनॉलमध्ये नॅनोमोलरपर्यंत पातळ करून दोन्ही बाजूंना सोडायचं, कारण दोन थरांतले दोन अर्धे जुळले तरच वाट उघडते. वाट उघडली-मिटली की १०० मिलिव्होल्टला प्रवाहात २-३ पिकोअँपिअरच्या पायऱ्या दिसतात. सेन्सरची युक्ती याच जुळण्यात आहे: ब्रूस कॉर्नेल यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलेल्या रचनेत शोधायचा रेणू अँटिबॉडीला चिकटला की अर्धे दूर ओढले जातात आणि प्रवाह घटतो.

पायऱ्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीत बुडत असतील तर आधी ट्यूबलाइट बंद करा आणि अर्थिंग एकाच ठिकाणी जोडा.

ग्रॅमिसिडिनचा कप वेगळाच ठेवा. ते प्लास्टिकला असं चिकटतं, की इथेनॉलने धुऊनही पुढच्या पडद्यात न घातलेल्या पायऱ्या उमटतात.