एकदा बार खाली आला की

घरातला बल्ब गेला की मी स्टूल आणतो, त्यावर एक पाय ठेवतो आणि कुणीतरी घरी येण्याची वाट बघत बसतो. स्टूल जेमतेम दीड फुटाचं आहे. बाल्कनीच्या कठड्यावर रेलून लोक फोनवर निवांत बोलत असतात, त्यांच्याकडे खालून बघितलं तरी माझ्या तळपायांना मुंग्या येतात. गच्चीवर जायची वेळ आलीच तर मी पाण्याच्या टाकीला खेटून उभा राहतो आणि सगळ्यांना सांगतो की इथे वारा छान लागतो.

आणि हाच माणूस थीम पार्कमध्ये एका दिवसात तीनदा रोलर कोस्टरमध्ये बसतो. कुणी ढकलून बसवत नाही, आपणहून. घरच्यांच्या मते या दोन्हींपैकी एक नक्की नाटक आहे. कोणतं, याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. अकरा वर्षांच्या भाचीने तर रांगेत उभं असतानाच विचारलं, "मामा, तुझी भीती खरी आहे की खोटी?" रांग लांब होती, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर मिळाला.

उंचीची भीती म्हणजे पडण्याची भीती, असं लोक धरून चालतात. माझ्यापुरतं ते खरं नाही. कठड्याशी उभं राहिल्यावर मला जमिनीचा नाही, माझाच भरवसा वाटत नाही. पाय ऐकतील का? हात वेळेवर काही धरेल का? या भीतीला थोडा शारीरिक आधारही आहे. आपण ताठ उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर किंचित डुलत असतं. समोर भिंत किंवा टेबल असलं की त्या डुलण्याबरोबर ते डोळ्यांना जरासं सरकताना दिसतं आणि शरीर स्वतःला सावरून घेतं. उंचावर मात्र समोरचं सगळंच इतकं लांब असतं की काहीच सरकत नाही. डोळ्यांना वाटतं आपण स्थिर आहोत, कानातली तोलाची यंत्रणा आणि तळपाय वेगळंच सांगतात, आणि या भांडणात डुलणं आणखी वाढतं. म्हणजे माझे पाय ऐकत नाहीत ही माझी तक्रार अगदीच मनाची नाही.

आता राइड बघा. तिथे मी उभा नसतो, बसलेला असतो. पाठीला टेकू असतो, मांड्यांच्या दोन्ही बाजूंना काहीतरी भक्कम असतं. मग वरून बार खाली येतो. खट्. राइडवरचा मुलगा येऊन तो दोनदा हिसडून बघतो, अंगठा वर करतो आणि पुढच्या सीटकडे जातो. त्या एका खट्‌सरशी तोल सांभाळण्याची माझी नोकरीच जाते. पाय घसरला तर, चुकून पुढे गेलो तर, या सगळ्या 'तर'ना आता काही कामच उरत नाही. चूक करायला मोकळीक असलेला माणूसच घाबरतो; मला तर बांधून टाकलेलं असतं. भीती शेजारी बसलेली असते, नाही असं नाही, पण तिच्या हातात स्टिअरिंग नसतं.

चढावरचा तो कट्-कट्-कट् आवाज मात्र बराच काळ मला छळायचा. डबा साखळीने वर ओढला जातो तेव्हा येतो तो. मला वाटायचं, काहीतरी तुटायच्या बेताला आलंय. मग कळलं की डब्याखालची एक लोखंडी जीभ रुळांमधल्या दातांवर एकेक करत पडत असते. साखळी तुटलीच तर ती जीभ दातात अडकते आणि डबा मागे घरंगळत नाही. म्हणजे ज्या आवाजाने पाचावर धारण बसते, तो आवाज 'मी आहे, मी आहे' असं सांगत असतो. डब्याची चाकंही नुसती रुळावर ठेवलेली नसतात. रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खालून एक, अशी ती रुळाला मिठीच मारतात. खालच्या चाकांची ही युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकी माणसाची, 1919 सालची. त्यानंतरच उतार इतके उभे करायची हिंमत लोकांना झाली. हे माहीत झाल्यापासून मी चढावर डोळे मिटून आवाज मोजतो. डोळे उघडे ठेवायला हवेत असं भाचीचं म्हणणं आहे. तिला म्हटलं, माझी राइड कानाने असते.

मग माथा येतो. आवाज थांबतो. आणि पोटात गोळा येतो.

आपल्या भाषेने हे किती आधी ओळखून ठेवलं आहे! फक्त मला वाटतं, तिने दिशा उलटी सांगितली. एरवी आपलं जठर, आतडी सगळं आपापल्या वजनाने खाली टेकलेलं असतं आणि तो भार आपल्याला इतका सवयीचा असतो की जाणवत नाही. डबा कोसळायला लागला की सीट, मी आणि माझं पोट एकाच वेगाने खाली जातो, कुणी कुणावर टेकत नाही, आणि जन्मभराचा तो भार एका क्षणात नाहीसा होतो. म्हणजे गोळा येत नाही. होता तो जातो. हे जाणं दोनएक सेकंदांचं असतं. त्या दोन सेकंदांसाठी मी रांगेत तासभर उभा राहतो. त्या क्षणी डोक्यात काहीच नसतं: कामं नाहीत, हप्ते नाहीत, उंचीसुद्धा नाही. मी ओरडतो म्हणे. मला ते ऐकू येत नाही.

खरी परीक्षा आकाशपाळण्यात असते, हे कुणालाच पटत नाही. आकाशपाळणा म्हणजे आज्या आणि तान्ही मुलं घेऊन बसायची गोष्ट. आपल्याकडे बाळाचाही पाळणा आणि हाही पाळणाच. शब्द ऐकून कुणालाही गुंगी यावी. मला मात्र घाम फुटतो. कारण तो हळू असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो थांबतो. खाली कुणीतरी आपली पिशवी सावरत डब्यात चढत असतं आणि मी अगदी वर, वाऱ्यावर हलत, सगळं जग तपशीलवार बघत बसलेला असतो. तिथे विचार करायला वेळ मिळतो आणि विचार हीच माझी अडचण आहे. शेजारचा माणूस फोटो काढायला पुढे वाकतो, डबा किंचित कलतो, आणि माझ्या मनात त्या निरपराध माणसाविषयी जे येतं ते लिहिण्यासारखं नाही.

जॉर्ज फेरिस या अभियंत्याने 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पहिला अजस्र पाळणा उभा केला. पॅरिसच्या आयफेल टॉवरला टक्कर देईल असं काहीतरी हवं होतं म्हणून. उंची 80 मीटर, डबे 36, आणि एकेका डब्यात 60 माणसं. तिकिटात दोन फेऱ्या मिळत, सगळ्या मिळून वीसेक मिनिटांच्या. त्यातल्या पहिल्या फेरीत पाळणा माणसं चढवण्या-उतरवण्यासाठी सहा वेळा थांबायचा. सहा वेळा! लोक पैसे देऊन हे सोसत होते आणि वर खूशही होत होते. मी त्या काळात असतो तर खाली उभा राहून सगळ्यांच्या टोप्या आणि छत्र्या सांभाळल्या असत्या.

त्याच्या नऊ वर्षं आधी, 1884 साली, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने आपली घसरगाडी, म्हणजे आजच्या रोलर कोस्टरची पूर्वज, सुरू केली होती. वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. सायकलवाला तिला सहज मागे टाकेल. पण तिच्यात बसायला लोकांना आधी जिने चढून उंच मनोऱ्यावर जावं लागे. हे वाचलं आणि मी लगेच माझा निकाल दिला: मला गाडी चालेल, जिना चालणार नाही. आजही राइडपेक्षा राइडकडे नेणारा जिना मला जास्त भारी पडतो, आणि वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्यांना मी याच एका कारणासाठी लांबून नमस्कार करतो. ओल्या पायऱ्या, अनवाणी पाय, मागून घाई करणारी पोरं. वरून घसरायला माझी काहीच हरकत नाही, वर पोचवायची सोय तेवढी करा.

ड्रॉप टॉवरमध्ये, म्हणजे उंच खांबावर नेऊन एकदम खाली सोडणाऱ्या राइडमध्ये, मी एकदाच बसलो. तिथे आकाशपाळण्याचं थांबणं आणि रोलर कोस्टरचं कोसळणं एकत्र येतं. पाय लोंबकळत वर नेतात आणि वर नेऊन थांबवतात. मी धीर यावा म्हणून आधी वाचून गेलो होतो: ब्रेक चुंबकाचे असतात, तांब्याच्या पट्ट्या चुंबकांमधून वेगाने गेल्या की त्यांच्यात आपोआप वीज फिरते आणि तीच गतीला विरोध करते, त्यामुळे बाहेरची वीज गेली तरी ब्रेक लागतोच. पंचेचाळीस मीटर मोकळं पडायला तीन सेकंद लागतात, हेही कागदावर काढलं होतं. वर गेल्यावर यातलं एक अक्षर आठवलं नाही. पडलो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. परत बसलो नाही, ते त्या पडण्यामुळे नाही, आधीच्या त्या थांबण्यामुळे.

सवयीने भीती जाते असं सांगणारे भेटतात. त्यांचा आदर्श म्हणजे जर्मन कवी गटे, तोही तरुणपणीचा. स्ट्रासबर्गला शिकत असताना उंची सहन होत नाही म्हणून तो तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढे आणि वरच्या चिंचोळ्या, धरायला काही नसलेल्या जागेवर जाऊन उभा राही. असं पुन्हा पुन्हा करून त्याने ती भीती घालवली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. गटे मोठा माणूस. माझं मात्र इतक्या राइड होऊनही स्टूल तिथेच आहे. राइडने मला स्टूलसाठी काहीही शिकवलेलं नाही. स्टूलला बार बसवून मिळाला तर बघू.

तर त्या दिवशी तिसऱ्यांदा रोलर कोस्टरमधून उतरलो. केस उभे, घसा बसलेला, मी इतका खूश की भाचीला टाळी दिली. तिच्या प्रश्नाचं उत्तरही आता तयार होतं, ते सांगत सांगतच बाहेरच्या वाटेला लागलो. बाहेर जायला लोखंडी जिना होता. पायऱ्या जाळीच्या. जाळीतून खालची फुलझाडं, चालणारी डोकी, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी दुसऱ्या पायरीवर वाक्य अर्धवट सोडलं आणि दोन्ही हातांनी रेलिंग धरलं.

भाची पार खाली पोचली होती. तिने वर बघितलं आणि काही न बोलता परत चढून आली. माझा एक हात रेलिंगवरून सोडवून तिने आपल्या हातात घेतला.

"मामा, चौथ्यांदा बसायचं का?"

"बसू या," मी म्हणालो, "पण आधी मला खाली उतरव."