फोकबोटीची डागडुजी: फासळ्या, कीलचे बोल्ट आणि एकदाची पाण्यात

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा बोट ताडपत्रीखाली होती आणि मी नुसता रंग खरवडत बसलो होतो. आता फासळ्या बसल्यात, कीलचे (कील म्हणजे बोटीच्या तळाला लटकणारं जड लोखंड) बोल्ट बदललेत, बोट पाण्यात आहे आणि मुख्य म्हणजे तरंगतेय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बोट म्हणजे नॉर्डिक फोकबोट, 1950 च्या दशकातली, लाकडी, पाइनच्या फळ्या आणि ओकच्या फासळ्या. मी मूळचा हर्णैकडचा, नोकरीमुळे स्वीडनला गोथेनबर्गमधे, आणि ही बोट नेमकी याच गावची लेक. 1940 च्या सुमाराला स्कँडिनेव्हियन सेलिंगवाल्यांनी एक डिझाईन स्पर्धा लावली होती, की साध्या नोकरदाराला परवडेल, बायकामुलांना घेऊन वीकेंडला कुठेतरी जाता येईल आणि वाटलं तर रेसही मारता येईल अशी बोट काढून द्या. 58 डिझाइनं आली, त्यातलं एकही जसंच्या तसं पसंत पडलं नाही, मग त्यातल्या बऱ्या गोष्टी उचलून टॉर्ड सुंडेन यांच्याकडून पक्कं ड्रॉइंग करून घेतलं (श्रेय कुणाचं यावरून मग वाद झाले ते वेगळंच) आणि 1942 च्या एप्रिलमधे, आजूबाजूला महायुद्ध पेटलेलं असताना, पहिली बोट इथल्या आरेंडाल यार्डातून पाण्यात उतरली. लांबी 7.68 मीटर, रुंदी 2.20, पाण्याखाली 1.20, शीड 24 चौरस मीटर. वजन जेमतेम दोन टन आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन एकट्या ओतीव लोखंडाच्या कीलचं! केबिनमधे ताठ उभं राहता येत नाही. पण 1960 साली पहिली एकट्याने अटलांटिक ओलांडायची रेस झाली त्यात पाच बोटी होत्या आणि त्यातल्या दोन फोकबोटी, ब्लाँडी हॅसलरची जेस्टर (ती चिनी जंक पद्धतीचं शीड लावलेली, दुसरी आली) आणि व्हॅल हॉवेल्सची आयरा. त्यामुळे साइजवर जाऊ नका.

तर मुद्दा. ही बोट मला जवळजवळ फुकट मिळाली, कारण गळत होती. इथे लाकडी फोकबोटी स्वस्तात मिळतात, कारण लोकांना वेळ नाही आणि फायबरच्या बोटीला दर वर्षी हे सगळं करावं लागत नाही. आधीच्या मालकाने गळती थांबवायला फळ्यांच्या प्रत्येक जोडात ट्यूबमधला सीलंट भरून ठेवला होता. बाहेरून बघाल तर छान, गुळगुळीत, वर पांढरा रंग. आणि तरी गळत होती, दर वर्षी जास्तच.

याचं कारण नीट सांगतो, कारण लाकडी बोट घ्यायचा विचार असेल तर हे कळायलाच हवं. फोकबोटीच्या फळ्या कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या असतात, याला क्लिंकर म्हणतात. आपल्याकडच्या होड्यांना फळीला फळी टेकलेली असते आणि सांध्यात कापूस ठोकतात, ते हर्णैच्या बंदरावर लहानपणी तासन्‌तास बघितलंय. इथे कापूस-बिपूस काही नाही. फळीवर फळी, मधून तांब्याचा चौकोनी खिळा, आत वाटीसारखा वॉशर आणि त्यावर खिळ्याचं टोक ठोकून रिव्हेट. बोट पाण्यात गेली की लाकूड फुगतं आणि फळ्या एकमेकांवर आवळून बसतात. म्हणजे पाणी अडवायचं काम लाकूड स्वतःच करतं, पण कधी, तर आतल्या फासळ्यांनी फळ्या आपल्या जागी घट्ट धरून ठेवल्या तरच. फासळी तुटली की तिथे बोटीचा आकार सैल पडतो, शिडाच्या ताणाने फळ्या एकमेकींवर सरकतात, आणि मग जोडातून पाणी. त्यात सीलंट भरला की अजून वाईट, कारण लाकूड फुगायला लागतं तेव्हा तो कडक झालेला सीलंट पाचरीचं काम करतो आणि राहिलेले रिव्हेटसुद्धा ढिले करतो. गळती फळीत दिसते पण दुखणं फासळीत असतं. सीलंटची ट्यूब हातात घ्यायच्या आधी टॉर्च घेऊन आत शिरा, फरशीच्या फळ्या उचला आणि जिथे पोट वळतं तिथे प्रत्येक फासळीवर हाताचं बोट फिरवा. तडा नखाला लागतो. माझ्या बोटीत डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना सलग फासळ्या तुटलेल्या निघाल्या, आणि ते साहजिकच आहे, डोलकाठीचे दोर वर ओढतायत, डोलकाठी खाली दाबतेय, कील खाली लोंबतोय, सगळा मार तिथेच.

आधी सीलंट काढला. यावर जास्त लिहीत नाही, कंटाळवाणं काम आहे, लाकडी पाचरी आणि एक वाकवलेला स्क्रू ड्रायव्हर. एक मात्र सांगतो, जुन्या बोटीच्या खालच्या थरात रेड लेड असतो, मारुतीला लावायचा शेंदूर मूळचा तोच, शिसं आहे ते. कोरडं सँडिंग अजिबात करू नका, ओलं करून खरवडा आणि चांगला मास्क लावा.

फासळ्यांसाठी ओक हवा तो भट्टीत वाळवलेला नको, तो वाफेवर धरला तरी वाकताना कडकन तुटतो. गावाबाहेरच्या एका सॉ मिलमधून ओला ओक आणला, सरळ रेषा असलेला, गाठी नसलेला. वाफेचा नियम सोपा आहे, इंचभर जाडीला तासभर. पेटी मी प्लायवूडची केली आणि वाफेला भिंतीवरचा वॉलपेपर काढायचं मशीन, तेवढं पुरतं. खरी मजा पेटी उघडल्यावर. हातात जाड ग्लोव्ह्ज, फासळी पेटीतून काढली की पंधरा-वीस सेकंदांत ती जागेवर गेली पाहिजे, नाहीतर गार होऊन हट्ट धरते. वरून आत सोडायची, टाच कीलजवळच्या खाचेत घालायची, पाय देऊन दाबायची, दाबतानाच थोडी पिळायची कारण प्रत्येक जागी फळ्यांचा कोन वेगळा, आणि तोवर दुसऱ्याने क्लँप मारायचे. पुण्याचा एक मित्र मदतीला होता, तो पहिल्या फासळीला म्हणला, "अरे ही तर चिंगमसारखी वाकतेय!" आणि पुढच्या मिनिटाला तीच फासळी दगड झाली.

सगळ्या तुटक्या फासळ्या एकदम काढू नका. एक आड एक काढा, आतून आडव्या दांड्या लावून रुंदी धरून ठेवा, नाहीतर बोट मनाला येईल तशी पसरते आणि मग तुम्ही नवीन फासळ्या चुकीच्या आकारावर बसवता. काही लोक जुनी फासळी तशीच ठेवून शेजारी नवीन जोडतात, ते चालतं, लवकर होतं, पण दोघींच्या मधे पाणी आणि घाण साचते. मला ते बरं नाही वाटत, मी जुन्या काढूनच टाकल्या.

रिव्हेट हे दोघांचं काम आहे. बाहेरून बायको लोखंडी ठोकळा खिळ्याच्या डोक्यावर दाबून धरणार, आतून मी वॉशर बसवून, खिळा कापून, टोक ठोकणार. खिळ्याच्या जाडीइतकंच टोक ठेवायचं, जास्त ठेवलं तर ते दुमडतं. आणि हळू ठोकायचं, बारीक बारीक, जोरात मारलं तर खिळा लाकडाच्या आत वाकतो, बाहेरून काही कळत नाही आणि फुगल्यावर तो सरळ होऊन ढिला पडतो. शेजारच्या बोटीवर एक आजोबा असतात, ऐंशीच्या पुढचे असतील, त्यांनी थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि म्हणाले, हातोडी मोठी आहे तुझी. स्वतःची छोटी आणून दिली. आवाजावरून कळतं म्हणाले, आणि खरंच कळतं, आधी बद्द बद्द येतो आणि रिव्हेट आवळला की एकदम टणक होतो. नंतर नंतर बायको बाहेरूनच ओरडायची, "बसला रे, पुढचा घे." मला आत कळायच्या आधी!

आता कीलचे बोल्ट. हे कुणाला करावंसं वाटत नाही कारण दिसत नाहीत. पण विचार करा, टनभर लोखंड त्या बोल्टांवर लटकतंय. ओकमधे टॅनिक आम्ल असतं, त्यात खारं पाणी, लोखंडी बोल्टला दोघं मिळून खातात, आणि खातात कुठे तर बरोबर लाकूड आणि कील भेटतात तिथे, कंबरेत. वरचा नट चकाचक, खालचं डोकं चकाचक, मधे पेन्सिल. बोल्टभोवती लाकूड काळंनिळं पडलेलं दिसलं की समजायचं. मी एक एक करून काढले, एक काढला की तिथे नवीन घालून आवळायचा आणि मगच दुसरा. दोन तर पूर्ण झिजले होते. नवीन कुठले घ्यायचे यावर दहा लोक दहा मतं देतील, स्टेनलेस का नाही हा पहिला प्रश्न. माझं मत, ओल्या लाकडात जिथे हवा लागत नाही तिथे स्टेनलेसला सुद्धा खाचेतलं गंजणं होतं आणि ते कळत नाही. साधे जाड गॅल्व्हनाइज्ड घेतले, ग्रीस माखून, वॉशरखाली ग्रीसमधे भिजवलेल्या सुताची रिंग. दहा-पंधरा वर्षांनी परत एक काढून बघायचा, झालं.

सगळ्यात जास्त धाकधूक होती ती गारबोर्डची, म्हणजे कीललगतची पहिली फळी. इथे गळायला लागलं की सुहैली आठवते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 32 फुटी बोट, ज्यात ते 1968-69 मधे 312 दिवस कुठेही न थांबता एकट्याने जगाला फेरी मारून पहिले आले. ती बोट आपल्या मुंबईत, कुलाब्याला बांधलेली, सागवानी, 1964 साली पाण्यात उतरली, आपल्या सुतारांच्या हातची. डिझाईन अमेरिकन, विल्यम ॲटकिन यांचं, पण त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या रेस्क्यू बोटींचं, म्हणजे मी जिथे राहतो तिथून किनाऱ्याने वर गेलं की त्याच पाण्यातलं. तर त्या फेरीत केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला हीच खालची जोड गळायला लागली आणि त्या माणसाने भर समुद्रात, पाण्याखाली बुडी मारून, कापूस ठोकून वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी मारली, मधेच शार्क आला तर त्याला गोळी घालून पुढचं काम. मी ते काम जमिनीवर, खाली पुठ्ठा टाकून, आडवा पडून केलं. तक्रार करायला जागा नाही.

बोट पाण्यात टाकायच्या आधीचे काही दिवस आत ओली पोती टाकून ठेवली आणि रोज पाणी मारलं. बोट पाण्याने भरायची नाही हां, ते वजन बाहेर ढकलतं, फळ्या उघडतात. इथल्या बोट क्लबांत सगळं मेंबरच करतात, क्रेनचा एक दिवस ठरतो, सगळ्यांच्या बोटी एकामागून एक उतरतात, रात्रीच्या पहाऱ्याची ड्यूटीपण आळीपाळीने मेंबरांनाच. मी क्रेनवाल्याला आधीच सांगून शेवटचा नंबर घेतला, म्हणजे बोट रात्रभर पट्ट्यांतच पाण्यात लटकवून ठेवता आली. पाणी आलं. सगळ्या जोडांतून, घाम फुटल्यासारखं. आजोबा येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, घरी जाऊन झोपले, त्यावरून मी पण जरा शांत झालो. पंप रात्रभर चालू, सकाळी त्याच्या आवाजात गॅप पडायला लागली, दोन-तीन दिवसांत नुसता मधूनमधून घुरघुर. आता आठवड्याला एखादी बादली निघते, जुन्या क्लिंकर बोटीला तेवढं चालतं.

नारळ फोडला, हो. गंमत अशी की आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ देऊन होड्या समुद्रात जातात आणि इथे त्यानंतर महिना-दीड महिन्यात बोटी बाहेर काढायची गडबड सुरू होते. म्हणून मे महिन्यातच उरकला. खोबरं क्रेनवाल्याने खाल्लं.

सेलिंगबद्दल पुढच्या वेळी सविस्तर, आता एवढंच की विंगाच्या दीपगृहापर्यंत जाऊन आलो, आठ मीटर प्रति सेकंद वारा, (इथे सगळे वारा याच मापात बोलतात, नॉट्स कुणी म्हणत नाही), बोट आधी पटकन कलते आणि मग कील तिला धरतो ते जाणवतं, त्यापुढे ढिम्म हलत नाही. मात्र काठ बुटका असल्यामुळे पुढे बसणारा भिजतो. वारा मागून असताना लावायचं मोठं फुगं शीड नाही, फोकबोटींच्या क्लासच्या नियमांत ते चालतच नाही, पुढचं शीड काठीने बाहेर धरायचं. भरती-ओहोटी इथे वीतभर, हर्णैवाल्याला हे अजून पचत नाही, बोट बांधताना उगाच लांब दोर सोडतो.

आता राहिलं डेक. वरचा कॅनव्हास जुना झालाय, डोलकाठीच्या दोरांच्या पट्ट्या जिथे डेकमधून खाली जातात तिथे लाकूड मऊ लागतंय. फळ्यांवर परत कॅनव्हास आणि जवसाच्या तेलाचा रंग लावायचा की प्लाय टाकून वर ग्लास कापड आणि इपॉक्सी, हे ठरत नाहीये. कॅनव्हासकडे कल आहे कारण खालचं लाकूड हलतं आणि इपॉक्सी हलत नाही. कुणी हलत्या डेकवर इपॉक्सी लावून चार-पाच हिवाळे काढले असतील तर कडेला, पट्ट्यांच्या भोकांपाशी, तडे गेले का ते नक्की सांगा. ऑक्टोबरमधे बोट बाहेर येईल, त्याआधी सामान मागवायचंय.