देगलूरची दोन सर्कलं

राज्य पुनर्रचना कायदा, १९५६. त्यातलं आठवं कलम मी निवृत्तीनंतर सावकाश वाचलं. महसूल खात्यात आयुष्य गेलेला माणूस भाषणं सोडून यादी बघतो. नव्या मुंबई राज्यात काय काय येणार, त्याची ही यादी. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे सरसकट. मग नांदेड, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा नि जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कलं वगळून. ती आंध्रात गेली. उलट आदिलाबादकडून किनवट आणि राजुरा हे आख्खे तालुके आले, वर बोथ तालुक्यातलं एकटं इस्लापूर सर्कल.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, सर्कल म्हणजे तालुक्याखालचं महसुली मंडळ. आमच्याकडे मंडळ अधिकाऱ्यालाही ‘सर्कल’च म्हणतात. "सर्कल आलेत का?" असं विचारत माणसं दारात उभी राहतात.

निजामाच्या मुलखात, म्हणजे हैदराबाद राज्यात, कात्री इतकी बारीक चालली. बिदर जिल्ह्याचे तर तीन वाटे. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं १९५५ साली आख्खं बिदर हैदराबादकडेच ठेवा म्हटलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. अहमदपूर, निलंगा, उदगीर इकडे आले; नारायणखेड, जहीराबाद आंध्रात; भालकी, हुमनाबाद नि खुद्द बिदर म्हैसूरला, म्हणजे आताच्या कर्नाटकाला. जहीराबाद देतानासुद्धा त्यातलं निर्णा सर्कल मागं ठेवलं.

आणि बेळगाव? चंदगड तालुका सोडून बाकी जिल्हा म्हैसूरला. अर्ध्या ओळीत विषय संपला. खानापूर, निपाणी, बेळगाव शहराभोवतीची गावं यांची सर्कलं कुणी उघडून पाहिलीच नाहीत. मला यात कट वगैरे दिसत नाही. हैदराबाद राज्य मोडायचंच होतं, म्हणून तिथं तुकडा न् तुकडा कुठंतरी टाकावा लागला. पण एकाच कायद्यात दोन मापं वापरली, हे खरंच.

गंमत म्हणजे आंध्र-मद्रास हद्दीचा तंटा आपल्याच ह. वि. पाटसकरांनी सोडवला. खेडं हा घटक धरून. तिरुत्तणी मद्रासला गेलं, १ एप्रिल १९६० पासून अंमल. तेच माप महाराष्ट्रानं बेळगावसाठी मागितलं. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगड देऊ केलं, बेळगाव शहर नाही. शिवाय अक्कलकोट नि दक्षिण सोलापूर म्हैसूरला. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. २००४ पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात.

माझं मत खेड्याच्या बाजूनं आहे. तरी बिचकुंद्यात दिलेल्या माझ्या आत्याकडे पाहिलं की पंचाईत होते. सासूशी मराठी, शेतातल्या बायांशी तेलुगू, कासाराशी बांगड्यांचा भाव करताना दखनी. चुलीवरचं दूध उतू गेलं तर तोंडून आधी तेलुगूच निघायचं. जनगणनेच्या रकान्यात मात्र मातृभाषा एकच, आणि ती सांगणार दारात बसलेले सासरे. अशा रकान्यांची बेरीज करूनच गावं इकडची की तिकडची ते ठरायचं. दुसरा मार्ग होता असंही नाही, माणसं मोजायची तर काहीतरी लिहावंच लागतं.

१९५४-५५ चं खासरा पत्रक मात्र आत्याच्या मुलाला अजून लागतं, आम्हालाही लागतं. हैदराबाद राज्य शाबूत असताना झालेली ती जमिनींची पाहणी. वारसाचा वाद निघाला की दोन्हीकडचे वकील तिथूनच सुरुवात करतात. पुढचे कागद वेगळे. आमच्याकडे सातबारा, त्याच्याकडे पट्टादार पासबुक.

बेळगावच्या नावानं आमच्या गावची पोरंही घोषणा देतात, द्यावी. त्यांना एकदा जुक्कल कुठं आहे विचारा. देगलूरहून तासाभराच्या वाटेवर आहे, आणि तिथलं सर्कल आपल्या तालुक्यातून गेलं हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं.