कुंकवाचा डाग लागलेली दोन रुपयांची नोट

मे महिन्यात आमच्या आर्वी तालुक्यात दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, आणि अशा उन्हात शेजारच्या गल्लीतले काकाजी हातात एक पन्नी घेऊन आले, कूलरसमोर बसले आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "बाबू, पाह्य बरं हे किती लाखाचं आहे, पोरगं म्हणते यूट्यूबवर पाच लाख सांगतेत."

मी पंधरा वर्षांपासून लढाईच्या काळातल्या नोटा जमवतो हे गावात माहीत आहे, त्यामुळे असं कोणी ना कोणी येत असतं. पण या पन्नीत तीन नोटा होत्या आणि तिन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या, म्हणून मी आधी कूलर बंद केला. कूलरच्या दमट हवेत जुना कागद काढायचा नाही, हा माझा नियम आहे. तांबूस ठिपके असेच पडतात, आणि एकदा पडले की जात नाहीत.

काकाजींचे वडील फौजेत होते, ब्रह्मदेशात गेले होते. पहिली नोट तिकडचीच निघाली, दहा रुपयांची, वर इंग्रजीत 'जपान सरकार' छापलेलं. जपान्यांनी १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतल्यावर तिथे चालवलेला हा पैसा. रुपया का, तर ब्रह्मदेश १९३७ पर्यंत आपल्याच राज्यकारभारात होता आणि लोकांना रुपयाचीच सवय होती. नोटेवर नंबर नाही, फक्त अक्षरं, आणि पहिलं अक्षर बी, म्हणजे बर्मा, मलायाच्या नोटांवर तिथे एम असतो. लढाई संपल्यावर या कागदाची किंमत शून्य झाली. सैनिकांनी आठवण म्हणून इतक्या घरी आणल्या की आजही बाजारात त्या भरपूर मिळतात, चांगल्या हालतीतली साधी नोट काही शेकड्यांत येते. मी हे सरळ सांगितलं. काकाजी गप्प झाले. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा लावून कोणाला नागपूरला दुकानोदुकान फिरवायचं नाही.

दुसरी नोट पाहून मात्र जीव कळवळला. १९४० ची एक रुपयाची, सरकारचे तेव्हाचे अर्थ सचिव सी. ई. जोन्स यांची सही. त्या वर्षी लोक चांदीचे रुपये घरात दाबून बसले म्हणून सरकारने ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट परत आणली, आणि रुपयातली चांदीही निम्म्यावर आणली. एक रुपयाची नोट पहिल्यांदा निघाली ती ३० नोव्हेंबर १९१७ ला, तीही लढाईमुळेच, पण पहिल्या महायुद्धाच्या, मग १९२६ मध्ये बंद झाली. तर काकाजींच्या पोराने व्हिडिओ पाहून या नोटेला इस्त्री मारली होती! वरून एकदम सपाट, छान दिसते, पण मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की मोडलेल्या घडीची पांढरी रेघ लगेच दिसते, कारण तिथले धागे तुटलेले असतात, ते इस्त्रीने जुळत नाहीत. उलट छपाईचा उठाव दबतो आणि कागदाचा करकरीतपणा जातो. इस्त्री झाली नसती तर मी तिला व्हेरी फाइन, म्हणजे वापरलेली पण चांगल्या हालतीतली म्हटलं असतं, पण जाणकार दाबलेली नोट ओळखतो आणि भाव पाडतो.

ग्रेडिंग, म्हणजे नोटेची हालत ठरवणं, ही काही जादू नाही. सत्तर पैकी गुण देतात, साठ किंवा वर म्हणजे न वापरलेली, आणि खाली उतरत फाइन, गुडपर्यंत. मी मधली घडी, कोपरे, कडा आणि टाचणीची भोकं पाहतो, मग उजेडात वॉटरमार्क आणि कुठे चिकटवलं असेल तर तेही दिसतं. त्या काळी बंडलं टाचत म्हणून बऱ्याच नोटांना डाव्या बाजूला भोकं असतात, त्यात घाबरायचं काही नाही, पण लपवायचं नाही. लोक भोकं बुजवतात, कडा कापून सरळ करतात, नोट साबणाने धुतात, याचा मला मनापासून राग आहे, कारण एकदा कागदावरचं पुसलं की ते कोणालाच परत वाचता येत नाही.

आणि तिसरी नोट, दोन रुपयांची. ३ मार्च १९४३ ला ही किंमत पहिल्यांदा आली. या नोटा दोन सह्यांच्या आहेत, आधी तेव्हाचे गव्हर्नर जे. बी. टेलर आणि नंतर आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ते आधी आपल्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या सनदी सेवेतले अधिकारी होते हे इकडे फारसं कोणी सांगत नाही, मला ती सही पाहिली की उगाच घरचं वाटतं. काकाजींच्या नोटेवर देशमुखांचीच सही. चार घड्या, कडा मऊ, आणि राजाच्या चेहऱ्याच्या बाजूला लाल डाग.

"हे काय सांडलं काकाजी?"

"सांडलं नाही रे, कुंकू आहे. माही माय लक्ष्मीपूजनाले दर दिवाळीले हेच नोट मांडे. बाबा गेल्यावरही मांडे."

डाग म्हणजे ग्रेड खाली, यात मी दया करत नाही. मी पाकिटावर पेन्सिलने फाइन लिहिलं आणि त्याखाली डाग असंही लिहिलं, पीव्हीसी प्लास्टिकच्या पन्नीतून काढून तिन्ही नोटा मायलरच्या, म्हणजे कागदाला न खाणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या. पीव्हीसीतून निघणारं तेलकट द्रव्य कागद खातं, आणि डांबरगोळ्या तर अल्बमजवळ ठेवायच्याच नाहीत, कसर लागू नये म्हणून कोरडं कपाट बरं. डाग काढून देता का असं काकाजींनी विचारलं, मी नाही म्हटलं. तेही लगेच म्हणाले, "राहू दे, माहे मायचा हात आहे तो."

जाताना दारात थांबले. दिवाळीला आता ही नोट पाकिटातून काढायची की नाही, हा त्यांचा प्रश्न. मी सांगितलं, पाकिटासकटच मांडा, कुंकू पाकिटावर लावा, मग ओल्या फडक्याने पुसून टाका.