कोझी मिस्टरीचे नवे लेखक कसे शोधाल?

आज दुपारी गोखले रोडवर पुस्तकं चाळताना शेजारून प्रश्न ऐकू आला, "मिस मार्पलसारखं अजून कोण लिहितं हो?" फार चांगला प्रश्न आहे! मिस मार्पल म्हणजे अगाथा ख्रिस्तीची गावात राहून खुनाची कोडी सोडवणारी म्हातारी, आणि अशा छोट्या गावातल्या, हिंसा फारशी न दाखवणाऱ्या रहस्यकथा म्हणजे कोझी मिस्टरी.

मुखपृष्ठावर जाऊ नका. मांजर, केक, लोकरीचा गुंडा सगळ्यांवरच असतो. त्यावरून गोष्ट बेकरीत घडते एवढं कळतं, कोडं कसं रचलंय ते कळत नाही. त्यापेक्षा अगाथा पुरस्कारांची यादी उघडा. १९८९ पासून अमेरिकेत हे पुरस्कार भडक रक्तपात टाळणाऱ्या पारंपरिक रहस्यकथांसाठी दिले जातात, आणि पहिल्या कादंबरीचा विभाग वेगळा आहे. नवे लेखक तिथेच सापडतात. जिंकलेलंच नको, नामांकनंही बघा.

मग किंडलवरचा फुकट नमुना वाचा. गाव डोळ्यांसमोर उभं राहतंय का? चार-पाच संशयित बोलण्यातून वेगळे ओळखू येतात का? नावं सारखी मागे जाऊन बघावी लागली, तर ठेवून द्या.

मालिका मात्र पहिल्या भागापासूनच. चौथा भाग आधी हाती आला की कोण कोणाशी लग्न करतं, कोण गाव सोडतं, सगळं आधीच फुटतं. क्रम बहुतेकदा आतल्या 'याच लेखकाची पुस्तकं' या पानावर असतो. पैसे देण्याआधी ते पान उघडाच.