360 केबी ड्राइव्ह: आधी बेल्ट, मगच प्रीसेट

एक्सटी क्लोनमधला (आयबीएम पीसी-एक्सटीच्या धर्तीवरच्या जुन्या संगणकातला) सव्वापाच इंची 360 केबी फ्लॉपी ड्राइव्ह अखेर फॉरमॅट पूर्ण करू लागला. त्याचं दुखणं असं होतं की स्वतः लिहिलेल्या फ्लॉप्या बिनतक्रार वाचायचा, पण दुसऱ्या मशीनवरची फ्लॉपी घातली की 'सेक्टर नॉट फाउंड' (सेक्टर म्हणजे चकतीवरच्या ट्रॅकचा एक तुकडा). फॉरमॅटही कधी अर्ध्यावर, कधी शेवटाकडे अडकायचा. अशा वेळी संशय दोघांवर येतो, हेडचं अलाइनमेंट (हेड ट्रॅकवर नेमकं बसणं) किंवा चकती फिरण्याचा वेग. वेग तपासायला सोपा, म्हणून तिथून सुरुवात केली.

ड्राइव्ह उलटा केला की खालच्या मोठ्या पुलीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळं दिसतात. 20 पट्ट्यांचं आपल्या 50 हर्ट्झच्या विजेसाठी, 24 चं 60 हर्ट्झसाठी. ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, 300 आरपीएमला (मिनिटाला 300 फेऱ्या, हाच बरोबर वेग) तेवढ्याच पट्ट्या समोरून जातात आणि त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. वर्तुळ चुकीचं धरलं तर मात्र वेग थेट 250 वर जाऊन बसेल. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब किंवा बहुतेक एलईडी इथे कामाच्या नाहीत. घरात आता सगळीकडे एलईडीच आहेत, म्हणून नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून जुन्या पद्धतीचा तांब्याचा चोक, स्टार्टर आणि पट्टी आणून टेबलावर लावली. या पद्धतीवर माझा फार जीव आहे, कारण चूक डोळ्यांनी मोजता येते. सेकंदाला एक पट्टी मागे सरकली की वेग 1 टक्का कमी, पुढे सरकली की 1 टक्का जास्त.

माझ्या पट्ट्या मागेही जात होत्या आणि मधूनच झोकेही खात होत्या. ग्रीझवीझलला (फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीवर जोडणाऱ्या बोर्डाला) जोडून वेग मोजणारी 'जीडब्ल्यू आरपीएम' ही आज्ञा चालवली, तर आकडा 293 ते 298 मध्ये हेलकावत होता. सरासरी फार वाईट नाही, पण ही डळमळ प्रीसेट (वेग जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवून जाणारी नव्हती. या जातीच्या ड्राइव्हमध्ये टॅको (वेग मोजणारा भाग) मोटरवरच असतो, त्यामुळे बेल्ट घसरला तरी वेग सांभाळणाऱ्या सर्वो सर्किटला पत्ता लागत नाही. मोटर बरोबर फिरते, चकती फिरवणारा स्पिंडल मागे पडतो.

बेल्ट काढला तर तो सैल आणि गुळगुळीत झालेला. नवा मागवताना जुन्याचं माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा गुंडाळून माप घ्या आणि बेल्ट त्याहून थोडा आखूड मागवा. नवा बसवला तर वेग स्थिर झाला, पण 309 वर! प्रीसेटवरचं सील आधीच तुटलेलं होतं. कुणीतरी पूर्वी घसरणाऱ्या बेल्टची भरपाई प्रीसेट वाढवून केली असणार. फ्लॉपी आत, हेड टेकलेलं आणि ड्राइव्ह गरम, अशा अवस्थेत तो 300 वर आणला. रिकामा ड्राइव्ह जुळवण्यात अर्थ नाही, फ्लॉपीचा भार पडला की वेग बदलतो.

वेगाचा इतका आग्रह कशासाठी, तर 300 आरपीएमला एका फेरीचे 200 मिलिसेकंद मिळतात आणि त्यात साधारण 6250 बाइट मावतात. 9 सेक्टर, त्यांच्या खुणा आणि मधल्या मोकळ्या जागा धरून सुमारे 6030 खर्च होतात. ड्राइव्ह वेगात असला की लिहिलेला सेक्टर चकतीवर लांबतो आणि पुढची मोकळी जागा खातो. फारच वेगात असला तर नववा सेक्टर पुरा लिहून व्हायच्या आत फेरीची सुरुवात दाखवणारं इंडेक्सचं भोक येतं.

वेग जुळल्यावरही आतले ट्रॅक रडत होते. हेड ज्यांवरून सरकतं त्या रेल्सवरचं ग्रीस वाळून चिकट झालेलं निघालं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, नवं अगदी पातळ लावलं. हेड पुसताना वरचा हात जास्त उचलू नका, त्याची स्प्रिंग नाजूक असते.

फॉरमॅट होत नाही म्हणून ड्राइव्हला दोष देण्याआधी फ्लॉपीही बघा. 1.2 एमबीची फ्लॉपी 360 केबी ड्राइव्हमध्ये धड फॉरमॅट होत नाही, तिच्या लेपाला जवळपास दुप्पट चुंबकीय जोर लागतो. आणि नागपूरकरांनो, उन्हाळ्यात फ्लॉप्या कूलरच्या खोलीत ठेवू नका. त्या दमट हवेत चकतीवर बुरशी धरते आणि तीच पुढे हेडवर बसते.

आता परक्या फ्लॉप्या वाचता येतात, फक्त दुसऱ्या बाजूच्या हेडवर मधूनच पुन्हा प्रयत्न करावा लागतो. अलाइनमेंटला हात लावायच्या आधी कारखान्यात रेकॉर्ड झालेली, कधीच न लिहिलेली एखादी मूळ फ्लॉपी मिळवतोय. कुणाकडे जास्तीची असेल तर कळवा.