मे महिन्याचं लाईट बिल, आमचं देवगडकडचं घर आणि मीटरवरचा लाल दिवा

गेल्या वर्षी मे महिन्याचं बिल आलं त्यात युनिटच्या रकान्यात ३८६ होते. थंडीत आमचं घर १३०-१४० च्या वर जात नाही, आणि तेव्हा घरात एसी नव्हताच. सासूबाईंनी बिल उलटसुलट करून बघितलं, "गो, ह्या बिल आपलाच हा मां? की शेजाऱ्यांचा टाकून गेलो?" आपलंच होतं. आता मे महिन्यात मुंबईहून भावोजी, जाऊबाई, मुलं सगळी येतात, पंखे दिवसरात्र, फ्रिजमध्ये आंब्याचा रस आणि मासे, पंप दोनदा, हे सगळं धरलं तरी पावणेतीनपट म्हणजे कायच्या काय वाटलं.

घर कसं आहे ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. देवगड तालुक्यात, समुद्र जवळ, पुढचं जुनं घर कौलारू आणि मागे नंतर वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. कोकणातली बरीच घरं हल्ली अशीच अर्धी-अर्धी असतात.

पहिलं काम केलं ते बिल नीट वाचायचं. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे आहेत. शंभरच्या पुढच्या युनिटचा वीज आकार पहिल्या शंभरच्या दुपटीहून जास्त, तीनशेच्या पुढे अजून वर. त्यावर वहन आकार, कमीजास्त होणारं इंधन समायोजन, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की ३०१ वं युनिट पडलं की अख्खं बिल वरच्या दराने लागतं, तसं नाही, फक्त वरची युनिटं महाग लागतात. म्हणजे आमची खरी महाग युनिटं ती वरची ८६, आणि तीच आधी पकडायची होती. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर पण छापलेला असतो, तो बघितला तर मार्चपासूनच चढ होता, म्हणजे मुंबईकर यायच्या आधीपासून. हे मी जाऊबाईंना मुद्दाम दाखवलं, उगाच त्यांच्यावर यायला नको.

मग मीटर. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला आकडा छापलेला असतो, आमच्यावर ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. याचा हिशोब लेकाने करून दिला: दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजायचं आणि ११२५ ला त्याने भागायचं, की तेवढे वॅट त्या क्षणी घरात चालू आहेत. पंधरा सेकंद लागले तर ७५ वॅट. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखाला त्या आकड्याने भागा, जो येईल तो ११२५ च्या जागी घ्या. मीटरला हात लावायचा नाही, सील तर अजिबात नाही, नुसतं बघायचं.

संध्याकाळी घरातलं सगळं बंद केलं आणि लेक मोबाईलमधलं स्टॉपवॉच घेऊन मीटरपाशी उभा राहिला, मी आतून एकेक बटण चालू करायची आणि तो पडवीतून ओरडायचा. एक जुना पंखा फुल्लवर लावला की साडेआठ सेकंदांच्या आसपास, म्हणजे १३० वॅट, एकट्या पंख्याच्या मानाने बरंच जास्त. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स नुसता स्टँडबायवर असतो तोही थोडं खातो, पण ते किरकोळ. खरी गंमत म्हणजे पंखे, दिवे, फ्रिज सगळं बंद असताना दिवा दर वीस सेकंदांनी लुकलुकतच होता. ५६ वॅट, दिवसरात्र. दिवसाला सव्वा युनिटच्या वर आणि महिन्याला चाळीस. एकेक एमसीबी (फ्यूजच्या जागी असतो तो स्विच) पाडत गेलो तेव्हा कळलं की हे सगळं लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या इन्व्हर्टरचं.

आता कोकणात इन्व्हर्टरशिवाय चालत नाही हे मला कुणी सांगायला नको, जरा वारा सुटला की झावळी पडते आणि लाईट गेलीच. पण आमची बॅटरी जुनी, ती चार्ज पूर्ण धरतच नव्हती, त्यामुळे चार्जर थांबतच नव्हता, आणि हात लावला तर बॅटरी कोमट. वायरमन बघून म्हणाला, "वैनी, ही पाणी पिता नि करंट खाता." बॅटरी बदलली तसा तोच दिवा मिनिटाला जेमतेम एकदा लुकलुकायला लागला. बॅटरीचा खर्च लागला खरा, पण ती बदलायचीच होती.

पंपाचं वेगळं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट असं म्हणतात पण ते मोटरने बाहेर दिलेलं काम, लाईनमधून ती हजारच्या आसपास ओढते, म्हणजे तासाला एक युनिट धरा. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी खाली जातं आणि आमच्या पाईपाचा फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या टोकाची झडप) गळका, त्यामुळे पाईपातलं पाणी विहिरीत परत जायचं आणि पंप सुरू केला की बराच वेळ नुसता घरघर करत बसायचा, मग वरून पाणी ओतून प्रायमिंग करा, मग कधीतरी पाणी चढणार. व्हॉल्व्ह बदलला, आणि टाकीला पाणी भरलं की वाजणारा अलार्म लावला. त्याआधी टाकी भरून वाहायला लागली की खालच्या केळीला पाणी मिळायचं, सासरे त्यालाच ठिबक सिंचन म्हणायचे!

फ्रिज. दमट हवेत फ्रिजला जास्त काम पडतं हे मला आधी एवढं ठाऊक नव्हतं. दार उघडलं की आत जाते ती पाण्याने भरलेली हवा, ते पाणी फ्रीजरमध्ये बर्फ होऊन बसतं, आणि बर्फाचा थर जाड झाला की थंडावा आतल्या सामानापर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर थांबत नाही. घरात मुलं असली की दार किती वेळा उघडतं ते बोलायलाच नको. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, सहज निघून आली तर रबर गेलं. आमची खालच्या कोपऱ्यातून लोण्यातून निघावी तशी निघाली. रबर बदललं, फ्रिज गॅसच्या ओट्यापासून लांब सरकवला, मागे भिंतीपासून वीतभर जागा ठेवली, आणि पाण्याच्या बाटल्या वेगळ्या थर्मासमध्ये काढून ठेवायला लागलो म्हणजे दर पाच मिनिटांनी दार नको.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो पंख्यांनी. आमच्याकडे जुने पंखे ७५-८० वॅटचे, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० च्या आसपास. चार पंखे बदलले, एकेकामागे ४५ वॅट वाचले आणि उन्हाळ्यात ते पंधरा तास तरी फिरतात असं धरलं तर दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८०. वरची जी ८६ महाग युनिटं म्हटलं, जवळजवळ तेवढीच! एक पंखा अडीच-तीन हजारांना पडतो म्हणून एकदम नाही घेतले, दोन-दोन करून घेतले. २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या, नुसतं दुकानदार म्हणतो म्हणून नको. जुना रेग्युलेटर मधून काढून टाकायला लागतो, हे आमच्या इथल्या दुकानात कुणी सांगितलं नाही, वायरमनने सांगितलं. आणि एक फायदा जो मला पैशांपेक्षा जास्त वाटतो, मे महिन्यात संध्याकाळी गावात सगळे मुंबईकर आले की व्होल्टेज असं पडतं की जुन्या पंख्याची पाती मोजता येतात. सासूबाई म्हणायच्या, "पंको फिरता, पण वारो खंय हा?" बीएलडीसीचं व्होल्टेज पडलं तरी स्पीड तोच राहतो.

मधे कूलरचा विषय निघाला. जाऊबाईंचं माहेर अकोल्याचं, त्यांना वाटतं कूलर म्हणजे सगळ्यावर औषध, आणि तिकडे आहेच. अकोल्यात ४४ डिग्री असते पण हवा कोरडी, पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. इथे पारा ३४-३५ च असतो पण हवेत आधीच एवढं पाणी की अजून पाणी उडायला जागाच नाही. माठातलं पाणीसुद्धा म्हणून आमच्याकडे तिकडच्यासारखं गार होत नाही. कूलर लावला तर खोलीत अजून चिकचिक, वर कपाटातल्या कपड्यांना बुरशी. कोकणात अंगावरचा घाम उडायला वारा लागतो, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि चांगला पंखा, एवढ्यावर कौलारू भागात दिवस निघतो. कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते, जुन्या माणसांनी घर बांधलंच तसं.

स्लॅबच्या खोल्या मात्र भट्टी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री खाली सोडतो, त्यामुळे बाहेर वारा पडला तरी आत अकरा वाजेपर्यंत भिंतीला हात लावला तर गरम. आमच्याकडे अजून एक भानगड अशी की पावसाळ्यात स्लॅबवर शेवाळ धरतं आणि पाऊस गेल्यावर ते वाळून काळं पडतं, म्हणजे उन्हाळ्यात डोक्यावर काळा तवा. तारेच्या ब्रशने ते सगळं घासून काढलं आणि चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात मारले. पांढरं झाल्यावर दुपारी अनवाणी उभं राहता आलं, आधी पाय ठेवायची सोय नव्हती. पावसात तो चुना जातोच, दरवर्षी मारायला लागतो, पण स्वस्त आहे. पश्चिमेच्या बाजूला, जिथून चारनंतर ऊन आत येतं, तिथे माडाच्या झापांचा छोटा मांडव घातला, झापं घरचीच. काहीजण स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात, गळतीसाठीच बहुतेक, त्याने सावली पण मस्त होते, पण वादळात पत्रे सांभाळायला लागतात. २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाडीतले पत्रे कुठे कुठे सापडले ते आठवून सासरे शेडला अजून नाही म्हणतात.

एवढं करून मग एसी घेतला, सासऱ्यांच्या खोलीत, कारण त्यांना रात्री झोपच लागत नव्हती. एक टन, फाईव्ह स्टार, इन्व्हर्टर एसी (बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करणारा कॉम्प्रेसर), आणि स्लॅबच्याच खोलीत. भावोजींचा आग्रह होता पुढच्या खोलीत लावा, पाहुणे बसतात, पण कौलारू खोलीला वरून माळा किंवा सीलिंग नसेल तर एसी म्हणजे आकाश थंड करणं. बाहेरचं युनिट समुद्राच्या उलट बाजूच्या भिंतीला, खारी हवा कमी लागावी म्हणून, कॉइल तांब्याची, आणि उन्हाळ्यात मधून मधून गोड्या पाण्याने धुवून घेतो. २०२० पासून नवीन एसी सुरू केला की २४ वर येतो, तसा नियमच आहे, आणि प्रत्येक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं केंद्र सरकारचं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं. आम्ही २७ ठेवतो आणि पंखा एक नंबरवर. आमच्या हवेत एसीचं बरंचसं काम हवेतलं पाणी काढणं हेच असतं, रात्रभरात पाईपाखालची बादली बघितलीत तर कळेल, आणि पाणी निघालं की २७ सुद्धा पुरतं. सासरे तर शाल घेतात.

सोलरचं पण बघितलं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, हिशोब चांगला बसतो. पण आमच्या स्लॅबवर दुपारनंतर माडांची सावली, आणि सोलरवाला म्हणाला दोन माड काढा. सासूबाई एवढंच बोलल्या, "माड तोडूचे आणि नारळ इकत हाडूचे?" त्यामुळे तो विषय सध्या बंद आहे.

यंदाचं मे महिन्याचं बिल ३०६ युनिट आलं, एसी धरून, आणि माणसं गेल्या वर्षीएवढीच घरात. लेकाला ती वरची सहा युनिटं फार लागली आहेत, तो आता बाथरूमचा बल्ब कुणी चालू ठेवला म्हणून सगळ्यांच्या मागे लागतो, त्याला कितीही सांगितलं की अरे तो नऊ वॅटचा एलईडी आहे तरी ऐकत नाही. माझा डोळा फ्रिजवर आहे. रबर बदललं तरी तो जुनाच, गणपतीच्या ऑफर लागल्या की बदलू म्हणतोय, फक्त लेबलवरची वर्षाची युनिटं बघूनच घ्यायचा, नुसते स्टार मोजून नाही, कारण मोठा फाईव्ह स्टार फ्रिज छोट्या थ्री स्टारपेक्षा जास्त खाऊ शकतो.